भुकटीचा मिल्क पेंट: जुन्या लाकडावर कुठे धरतो, कुठे सुटतो

वापरलेलं लाकडी फर्निचर रंगवायचं, पण ते कोरं करकरीत दिसता कामा नये. कडा झिजलेल्या हव्यात, वरच्या रंगाआडून खालचा दुसरा रंग डोकावायला हवा, एखाद्या ठिकाणी लाकूड उघडं पडलेलं हवं. अशा कामाला माझी पहिली पसंती भुकटीच्या मिल्क पेंटला आहे. चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मॅट वाळणारा दाट रंग, मी भरपूर वापरलाय, भिंतीच्या इमल्शनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून घरगुती रंगही केलाय, साधा ऑइल पेंट लावून तो घासूनही पाहिलाय. एवढं करून मी मिल्क पेंटवर येऊन थांबले. त्याच्या खोडी आहेत, आणि त्या मी खाली सांगणारच आहे. पण त्याच्याबद्दलची एक गोष्ट अशी आहे की ती पाकिटासोबतच्या कागदावर मला कधी वाचायला मिळाली नाही, आणि ती कळल्याशिवाय हा रंग हातात येत नाही. मुख्यतः तिच्यासाठीच हे लिहितेय.

आधी हा रंग आहे काय ते. दुधातलं प्रथिन म्हणजे केसिन, विरी गेलेला चुना, थोडी खडू किंवा मातीची भुकटी आणि खनिज रंगद्रव्यं. बस. केसिन एरवी पाण्यात विरघळत नाही, चुन्यामुळे विरघळतं, आणि वाळताना चुन्यासकट घट्ट होऊन रंगद्रव्याला धरून ठेवतं. यात प्लास्टिकची राळ नाही, थिनर नाही, नाकात जाणारा वास नाही. पाणी घातल्यावर ओल्या चुन्याचा हलका वास येतो आणि रंग वाळला की जातो. भुकटीत का येतो, तर पाणी घातलं की केसिन नासायला लागतं. म्हणून हा रंग लागेल तेवढाच कालवायचा. १८६७ साली अमेरिकेत डी. आर. अ‍ॅव्हेरिल यांना तयार मिसळलेल्या रंगाचं पेटंट मिळालं, पुढे डब्यातला रंग सगळीकडे पोचला, आणि डब्यात न टिकणारा हा रंग हळूहळू बाजूला पडला. जुन्या लाकडाची दुरुस्ती करणाऱ्यांनी तो जिवंत ठेवला.

खरेदी करताना एक पाहा. बाजारात ‘मिल्क पेंट’ असं लिहिलेले पातळ तयार रंगही मिळतात. त्यातले बरेचसे आतून अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच्या राळेचे असतात. ते वाईट नाहीत, उलट चांगले टणक असतात, पण या लेखात मी ज्या गुणासाठी मिल्क पेंट घ्या म्हणतेय तो गुण त्यांच्यात नाही. डब्यात पातळ रंग असेल आणि महिनोन्‌महिने टिकतो असं लिहिलं असेल, तर घटक वाचा. भुकटी, केसिन आणि चुना हे तीन शब्द दिसले तरच तो हा रंग.

कालवणं सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. एक वाटी भुकटीला एक वाटी कोमट पाणी, इथून सुरुवात करायची. भुकटी हलकी असते आणि तिच्यात चुना असतो, त्यामुळे नाकातोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते. पाण्यात थोडी थोडी भुकटी टाकत ढवळायचं. पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळं बिघडलंय असं वाटेल: वर फेस, खाली गुठळ्या, मधे पाणी. तसंच ढवळत राहा आणि मग पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. या वेळात केसिन फुगतं, गुठळ्या मऊ होतात, फेस बराचसा बसतो. मग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. गाळणं अनेकजण टाळतात. गाळला नाही तर न फुटलेला रंगाचा कण ब्रशखाली चिरडतो आणि फिकट रंगात गडद रेघ ओढून जातो. झिजलेल्या कामात अशी एखादी रेघ शोभूनही दिसते, पण ती हवी असेल तर आपण ठरवून आणावी.

रंग किती पातळ हवा? ब्रश उचलल्यावर रंग सलग धारेत खाली यावा आणि शेवटी थेंब तुटावेत, इतका. ऑइल पेंटची सवय असलेल्या हाताला हे फारच पाणीदार वाटेल. काम करताना दर काही मिनिटांनी ढवळायला हवं, कारण रंगद्रव्यं खाली बसतात. न ढवळता कपाटाची एक बाजू रंगवली तर वरची फळी आणि खालची फळी वेगवेगळ्या छटेच्या होतात. कालवलेला रंग त्याच दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चालतो, पण तोवर तो दाट झालेला असतो आणि त्याची पकड कमी झालेली असते.

आता ज्या फर्निचरवर लावायचा त्याच्याकडे वळू. वापरलेली वस्तू घरी आणली की ब्रशला हात लावण्याआधी ती उलटी करून पाहा. खालच्या बाजूला बारीक गोल भोकं आणि त्याखाली ताजा भुसा दिसला तर किडा आत जिवंत आहे, आणि त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगवणं फुकट. सांधे हलवून पाहा. मिल्क पेंटचा थर ताठ असतो, सांधा हलत राहिला की त्या जागी तो फुटतो, म्हणून ढिले सांधे उघडून, जुना सरस खरवडून, नव्याने जोडून घ्या. मग धुणं. कोमट पाण्यात थोडा साबण, पिळलेलं फडकं, शेवटी साध्या पाण्याचं फडकं. वर्षानुवर्षांचं मेण आणि फर्निचर चमकवायच्या फवाऱ्यातलं सिलिकॉन लाकडावर बसलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मेणासाठी मिनरल स्पिरिटने (टर्पेंटाइनसारख्या थिनरने) पुसायचं, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत.

आधीचा रंग असेल तर त्यातल्या विषारी शिशाचा विचार करा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. पुष्कळ देशांत ती त्यानंतर कितीतरी उशिरा आली. झिजलेल्या कामाचा सगळा आधारच घासण्यावर असतो, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू पडतो. शिसं ओळखायच्या काड्या मिळतात. शंका असेल तर कोरडं घासूच नका, आणि घरात लहान मूल असेल तर ती वस्तू जाणकाराच्या हाती द्या.

आता ती गोष्ट.

एक हातांची खुर्ची घ्या. माझ्याकडे अशीच एक आली होती: कातीव पाय, पाठीवर पानांची थोडी नक्षी, सगळीकडे जुनं लाखेचं पॉलिश. हातांचे पुढचे गोलवे, बसायच्या फळीची पुढची कड आणि पायांमधली समोरची आडवी पट्टी, जिच्यावर माणसं पाय टेकवतात, तिथलं पॉलिश पूर्ण गेलेलं होतं आणि लाकूड उघडं, गुळगुळीत झालं होतं. पाठीच्या नक्षीच्या खोबणी, फळीची खालची बाजू, पायांची आतली बाजू इथे पॉलिश जसंच्या तसं चमकत होतं. धुऊन, पुसून, न घासता मी तिला मोरपिशी मिल्क पेंटचा एक हात दिला आणि वाळू दिला.

तासाभराने पोपडे सुटायला लागले, आणि ते सुटले पाठीच्या नक्षीत. हातांच्या गोलव्यांवर रंग असा पक्का बसला की नखाने खरवडला तरी हलेना.

यात आश्चर्य काहीच नाही, मिल्क पेंट असाच वागतो. उघड्या लाकडात तो मुरतो, तंतूंमध्ये शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. पॉलिशवर त्याला शिरायला जागा नसते. वाळताना तो आकसतो, खाली धरायला काही नसतं, आणि आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा तडकून वर उचलला जातो. या सुटण्याचं सगळे कौतुक करतात, आणि ते खरोखर सुंदर असतं. पोपड्याची कड वेडीवाकडी, तीक्ष्ण, हाताने काढू म्हटलं तर निघणार नाही अशी असते. पण तो सुटतो कुठे? जिथे पॉलिश शाबूत आहे तिथे, म्हणजे जिथे कधी कुणाचा हात लागलाच नाही तिथे. आणि जिथे माणसांचे हात लागून लागून लाकूड उघडं पडलंय, नेमका तिथे तो धरून बसतो. खऱ्या झिजेच्या बरोबर उलट. खुर्ची रंगवून मोकळं सोडून दिली तर नक्षीच्या खोबणी सोललेल्या आणि हात धड, असं विचित्र काम हाती येतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे मात्र लगेच कळतं.

म्हणून हा रंग लावायचा तर आधी वस्तू वाचायची आणि मग पकड उलटी करून घ्यायची. जिथे रंग टिकायला हवा, म्हणजे खोबणी, आतल्या बाजू, पाठ, तिथे १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारायची. नक्षीत पेपर जात नाही, तिथे घासायच्या स्पंजचा कोपरा जातो. त्यावर पहिल्या हातात पकड वाढवणारं द्रव मिसळायचं. मिल्क पेंटसोबत वेगळ्या बाटलीत मिळतं, पाण्यातलं अ‍ॅक्रिलिकच असतं ते. पहिल्या हातापुरतंच. प्रत्येक हातात घातलं तर रंगाचा स्वभावच जातो आणि साधा अ‍ॅक्रिलिक रंग लावल्यासारखं होतं. उलट जिथे तो सुटायला हवा, तिथे त्याच्याखाली काहीतरी गुळगुळीत ठेवायचं.

ते काय ठेवायचं, इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण तीन वेगळ्या गोष्टींनी तीन वेगळ्या झिजा येतात आणि जुन्या वस्तूवर तिन्ही आपापल्या जागी असतात.

हाताने झालेली झीज मऊ असते. ड्रॉवरच्या मुठीभोवती, खुर्चीच्या हातांवर, दाराच्या कडेला जिथे बोटं रोज लागतात, तिथे रंग हळूहळू विरळ होत लाकडात विरतो. कुठे संपला ते दाखवता येत नाही. ही झीज फक्त घासून येते. खाली काही लावायचं नाही, रंग नीट वाळू द्यायचा आणि २२० ने, शेवटी ३२० ने, हात ज्या दिशेने लागत असेल त्या दिशेने घासायचं. मुठीभोवती गोल, कडेवर लांबीने. पेपर बोटांभोवती गुंडाळून घासला की बोटांचा दाब आपोआप खऱ्या जागी येतो. ठोकळ्यावर गुंडाळलेला पेपर इथे नको, त्याने सरळ पट्टे पडतात.

आपटून, ठेच लागून, बुटांनी, झाडूने झालेली झीज कडक असते. पायांची टोकं, खालची पट्टी, कपाटाचे खालचे कोपरे. इथे रंग तुकड्यांनी उडालेला असतो, कड तीक्ष्ण असते. याला लाख. जिथे लाकूड उघडं पडलंय तिथे मिथिलेटेड स्पिरिटमध्ये (मिनरल स्पिरिटमध्ये नव्हे) विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यायचा, वाळला की त्यावर मिल्क पेंट. वाळल्यावर लांबी (पुट्टी) लावायच्या पत्र्याच्या पट्टीची कड हलकेच फिरवली की तुकडे आपोआप येतात. आले तेवढे घ्यायचे, जोर लावून आणखी काढायचे नाहीत.

तिसरी झीज दोन रंगांच्या मधली. कुणीतरी आधी एका रंगात रंगवलं, मग दुसऱ्याने दुसऱ्या रंगात, आणि वरचा रंग ठिकठिकाणी निघून खालचा दिसतोय. याला मेण. खालचा रंग वाळला की मधमाशीच्या मेणाची वडी किंवा साधी मेणबत्ती कडांवर ओढायची, सगळीकडे नाही, आणि मग वरचा रंग. वाळल्यावर त्या जागी घासलं की वरचा रंग निघतो आणि खालचा धक्का न लागता राहतो. नुसतं घासून हे साधायला गेलं तर दोन्ही रंग एकदम जातात आणि थेट लाकूड लागतं.

त्याच खुर्चीवर, नक्षी घासून पकड देऊन आणि पट्टीवर लाख देऊन, मी खाली गेरूचा लाल आणि वर मोरपिशी घेतला. हातांच्या गोलव्यांवर मोरपिशी विरळ होत लाल, लाल विरळ होत लाकूड, असा उतार आला. पट्टीच्या बरोबर मध्यावर तुकडे उडाले, दोन्ही टोकांना रंग शाबूत राहिला, कारण पाय मध्यावरच टेकतात. पाठीच्या पानांच्या उंच शिरा फक्त ३२० च्या एका फिरवणीने जराशा लाल झाल्या, खोबणी पूर्ण मोरपिशी. हे काम मी आजही मनापासून बघते.

रंग निवडताना लक्षात ठेवा की चुन्यात प्रत्येक रंगद्रव्य टिकत नाही. गेरू, पिवळी माती, अंबर (तपकिरी माती), लोहाचे ऑक्साइड हे उत्तम टिकतात. अल्ट्रामरीन निळा टिकतो, प्रशियन निळ्याचं रूप अल्कलीत बिघडतं. म्हणून मिल्क पेंटचे लाल विटेकडे झुकतात, पिवळे मातीकडे, हिरवे शेवाळाकडे. भडक गुलाबी किंवा झगझगीत नारिंगी हवा असेल तर हा रंग तुमच्यासाठी नाही. पण याच मर्यादेमुळे कुठलेही दोन रंग एकावर एक टाकले तरी ते भांडत नाहीत. मला आवडलेल्या जोड्या: गेरूवर मोरपिशी, मातकट पिवळ्यावर गडद निळा, काळपट हिरव्यावर मळकट पांढरा. खालचा आणि वरचा रंग गडद-फिकेपणात लांब असले पाहिजेत. जवळच्या छटा घेतल्या तर एवढी झीज केलेली दोन पावलांवरून दिसत नाही.

आणि रंग तीनदा बदलतो हे आधीच माहीत असू द्या. ओला असताना गडद, वाळला की एकदम फिका आणि पूर्ण मॅट, तेल लावलं की परत गडद. फिक्या अवस्थेत बघून पुष्कळजण घाबरतात आणि आणखी एक हात चढवतात. त्याऐवजी एका फळकुटावर नमुना करून त्याच्या अर्ध्या भागाला तेल लावून ठेवा, आणि निर्णय त्या तेल लावलेल्या अर्ध्याकडे बघून घ्या.

फिक्या रंगांना दुसरी अडचण लाकडाच्या टॅनिनची, म्हणजे लाकडातल्या पाण्यात उतरणाऱ्या तुरट द्रव्याची. महोगनी, ओक अशा लाकडांतून, आणि जुन्या लालसर डागांतून, पाणीदार रंगात पिवळे-गुलाबी ओघळ वर येतात. दुसरा हात दिला तरी येतात, तिसरा दिला तरी येतात. उपाय एकच: मेण काढलेल्या लाखेचा हात देऊन लाकूड बंद करायचं. पण लाख म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग, आणि गुळगुळीत म्हणजे पोपडे, म्हणून त्यावर पकड वाढवणारं द्रव सक्तीचं. पांढरा झिजलेला तुकडा करायचा असेल तर एवढं सगळं धरूनच वेळ काढा. गडद रंगाखाली हा त्रास दिसत नाही.

एक सूचना स्टीलवुलबद्दल. झिजवायला अनेकजण ती सुचवतात. पाण्याच्या रंगावर आणि टॅनिन असलेल्या लाकडावर मी ती वापरत नाही. तिचे बारीक तंतू रंगात अडकतात, ओल लागली की गंजतात आणि टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात. त्याऐवजी नायलॉनची घासणी घ्या.

चॉक पेंटशी तुलना लोक हमखास विचारतात. ‘चॉक पेंट’ हे नाव अ‍ॅनी स्लोन यांचं. त्यांनी तो १९९० मध्ये काढला. आज त्या धर्तीचे अनेक रंग आहेत. चॉक पेंट जवळजवळ कशावरही बसतो, घासायची फारशी गरज नाही, दाट असतो, ब्रशचे फटके दिसतात, आणि ओल्या फडक्याने पुसून कडा झिजवता येतात, म्हणजे धूळ होत नाही. घरात दमेकरी असेल किंवा गच्ची-अंगण नसेल तर हा फायदा मोठा आहे. नवशिक्याला मी चॉक पेंटच देते. पण त्याची झीज फक्त आपण घासू तेवढीच आणि तशीच येते. तुकडा उडालेला दिसायला हवा तर तो तिथे फारसा साधत नाही, आणि थर जाड असल्याने बारीक नक्षी बुजते. मिल्क पेंट इतका पातळ बसतो की पॉलिशखाली दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा रंगाखालीही हाताला लागतात. घरगुती चॉक रंगाला मी सरावापुरतं ठेवते. प्लास्टर लवकर घट्ट होतं आणि प्रत्येक वाटीत पोत वेगळा येतो.

शेवटचा लेप. नुसता सोडलेला मिल्क पेंट पाण्याचे डाग धरतो, बोटांचे ठसे धरतो. झिजलेल्या तुकड्याला मला तेल आवडतं, कारण ते उघड्या लाकडाला आणि रंगाला एकाच वेळी मिळतं: अळशीचं किंवा टंग झाडाच्या बियांचं, पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. पांढऱ्या आणि फिक्या निळ्यावर अळशीचं तेल नको, पुढे पिवळेपणा येतो आणि निळा हिरवट दिसायला लागतो. तिथे बिनरंगी मेण. गडद मेण खोबणीत भरायचं असेल तर आधी बिनरंगी मेणाचा हात द्या, नाहीतर गडद मेण उघड्या रंगात मुरतं आणि निघत नाही. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

वापरात कसा टिकला? खुर्ची आणि एक बुटकं तीन ड्रॉवरांचं कपाट रोजच्या राबत्यात आहेत. उभे भाग, पाय, ड्रॉवरची तोंडं उत्तम. कपाटाच्या वरच्या फळीवर ओल्या ग्लासाचे गोल उमटले. तेलाचा आणखी एक हात दिल्यावर फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. जेवायच्या किंवा कामाच्या टेबलाच्या वरच्या फळीला हा रंग एकट्याने पुरत नाही. तिथे पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे, म्हणजे पारदर्शक टणक लेपाचे, पातळ हात हवेत, आणि ते मेणावर बसत नाहीत, म्हणून हे आधी ठरवावं लागतं.

नाराजी कुठे आहे? सोबतच्या सूचना. मी वापरलेल्या पाकिटांतल्या कागदांवर पोपडे म्हणजे जणू नशिबाचा खेळ, असा सूर होता. हा खेळ नाही, खालचा पृष्ठभाग काय आहे त्यावर ते ठरतं, आणि विकणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगायला हवं. घेणारा पहिल्यांदाच रंगवत असतो, त्याच्या हातातली वस्तू त्याने हौसेने निवडलेली असते, आणि तिच्यावरचा रंग नको तिथे सोलला की तो रंगालाच कायमचा सोडतो. रंगतक्त्यावर तेल लावलेला आणि न लावलेला असे दोन चौकोन असावेत, ही दुसरी मागणी. आणि एका रंगाच्या दोन पाकिटांत छटा थोडी हलते. मोठं काम असेल तर सगळी पाकिटं कोरडीच एका भांड्यात मिसळून मगच लागेल तशी काढा. पांढरा आणि पिवळा झाकायला कमी पडतात, तीन हात धरून चाला.

सनमायका, पार्टिकल बोर्ड, पातळ कागदी व्हिनियर यांच्यावर हा रंग घेऊ नका. त्यांच्यात मुरायला लाकूडच नाही, आणि घासून उघडं पडेल ते बघण्यासारखं नसतं. भरीव लाकूड, जुनं पॉलिश, थोडी नक्षी आणि खरी वापराची खूण असेल तर दुसरं काही शोधायला जाऊ नका. एक छोटं पाकीट घ्या, स्टुलासारख्या लहान वस्तूवर सुरुवात करा, आणि रंग कालवण्याआधी ते स्टूल खिडकीजवळ तिरक्या उजेडात ठेवून कुठे चमकतंय आणि कुठे नाही ते बघून खडूने खुणा करा.

उरलेली भुकटी हवाबंद बरणीत ठेवा. दमट हवा लागली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होत जातो आणि मग रंग कालवला तरी हाताला पावडर लागत राहते. जुन्या भुकटीची शंका आली तर उघड्या लाकडाच्या तुकड्यावर एक हात द्या, रात्रभर वाळू द्या आणि कोरड्या बोटाने घासा. बोट रंगलं तर ती भुकटी मोठ्या कामाला घेऊ नका.